नळाला लावलेली मोटार

त्या उन्हाळ्यात हंबीरराव पाटलांनी नळाला मोटार बसवली आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नंदिनीच्या घरी पाणी यायचं बंद झालं. नळ उघडला की आधी नुसती फुसफुस, मग करंगळीएवढी धार, आणि मग तीही नाही. हंबीररावांच्या परसातून मोटारीची घरघर मात्र सगळ्या गल्लीला ऐकू यायची.

नंदिनी एका विमा कचेरीत टायपिस्ट होती. सासूबाईंचे, म्हणजे माईंचे, गुडघे धरलेले. नवरा अंबादास इचलकरंजीला एका सूत व्यापाऱ्याकडं कामाला. तो पहिल्या एसटीनं निघून जायचा. त्यामुळं चौकातल्या हापशावरून कळश्या आणायच्या त्या तिनंच. कचेरीत पोचेपर्यंत हजेरीचं मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं असायचं.

"बाई, गावात पाणी काय तुम्ही एकट्याच भरता?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. नंदिनीची कानशिलं तापली. तुमच्या घरी कोण भरतं, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना तिला हंबीरराव दिसले. बनियनवर उभे राहून रबरी नळीनं ते आधी स्कूटर धूत होते, मग दारापुढचा रस्ता भिजवू लागले. नंदिनी थांबली.

"हंबीरराव, आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही रस्ता धुताय?"

"उकाडा किती हाय बघा की वैनी! जरा गारवा हुतोय."

"नळाला मोटार लावायची परवानगी नसते. सगळं पाणी तुमच्याकडं ओढलं जातं."

"मग तुमी बी बसवा की! कुणी आडिवलंय?" ते हसले आणि नळी पुढं फिरवली. तिच्या पायांवर चिखल उडाला.

रात्री जेवताना अंबादासही तेच बोलला. "हप्त्यानं मिळते म्हणे. आपणही एक बसवून टाकू."

नंदिनीनं हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे शेजारच्या शालूबाईंचं पाणी आपण ओढायचं? त्यांनी काय घोडं मारलंय आपलं? चोरी झाली तर आपणही चोर व्हायचं, असंच ना?"

अंबादास भाकरी कुस्करायला लागला. माईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली.

सकाळी नंदिनीनं रजा टाकली. खरकटी भांडी पाटीत भरली, धुण्याची बादली उचलली आणि थेट हंबीररावांच्या परसात जाऊन हौदाकाठी बसली. मोटार चालूच होती. ती राखेनं कढई घासायला लागली. तेवढ्यात शालूबाईही आपलं धुणं घेऊन आल्या आणि मागोमाग गल्लीतल्या आणखी बायका.

हंबीरराव दात घासता घासता बाहेर आले. "आवो, हे काय लावलंय?"

"भांडी घासतेय. पाणी आमच्याच नळाचं आहे, फक्त तुमच्या हौदात पडलंय."

"झुंबर! आगं, भायेर काढ ह्यास्नी!"

त्यांची बायको झुंबरबाई दारात आली. परसभर पसरलेली धुणी पाहून ती आधी नंदिनीवरच भडकली. "माजं परस म्हंजे काय पंचगंगेचा घाट हाय व्हय गं?"

"मोटार चालू आहे तोवर रोज येणार, झुंबरबाई. मला हौस नाही." नंदिनी कढई घासतच राहिली.

झुंबरबाईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग पदर खोचून ती आत गेली. घरघर थांबली.

"घ्या, बंद केली. गल्लीचं भरून झाल्याबिगार लागायची न्हाय," ती बाहेर येऊन म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "आन् तुमी रस्त्याला आंगूळ घालायचं बंद करा! परवा दूधवाल्या तानाबाईनं ह्या पाण्यावरनंच तोंडावर सुनावलंय मला. मान खाली घालून ऐकलं म्या."

हंबीरराव काहीतरी पुटपुटत घरात शिरले. पुढं कित्येक दिवस ते नंदिनीशी बोलले नाहीत. टायपिस्टबाई लई शेफारल्यात, असं मात्र पानपट्टीवर सांगत राहिले.

त्या सकाळी नंदिनी घरी आली तेव्हा नळाला धार लागली होती. माईंनी भिंतीला धरत धरत पिंप भरायला लावलं होतं.

"जिंकलीस गं बाई," त्या म्हणाल्या.

"यात काय जिंकायचंय, माई? आपल्याच नळाचं पाणी मिळावं म्हणून लोकांच्या परसात जाऊन बसायचं?" नंदिनीनं भरलेली कळशी आदळली, दुसरी नळाखाली लावली आणि डोळे पुसले. राग अजून उतरत नव्हता.