दाजींच्या ताटातली मूठ

आचऱ्याच्या दाजींची ढेरी म्हणजे त्या घराचा मान. नारळाच्या व्यापाऱ्याने कसं भरलेलं असावं, किडकिडीत माणसाचा शब्दही किडकिडीत, अशी आपल्याकडची समजूत! आगबोटीने मुंबई बघून आलेल्यांचीही ती सुटत नाही.

पण त्या वर्षी दाजींना काही सुचेनासं झालं. पडवीत स्वस्थ बसले असताना छाती धडधडू लागे. ना धाव, ना कष्ट. जेवून उठले की डोळ्यांपुढे काळोख, खांब धरावा लागे. करणी-बाधा बघणारा गावचा घाडी मान हलवून म्हणाला, "घरातलोच हात आसा." थोरला भाऊ बाबली गेला तेव्हाही तो हेच बोलला होता.

झालं! दाजींचे डोळे घरभर फिरू लागले. एक दिवस दाराआडून त्यांनी पाहिलं. बाबलीची विधवा, शेवंतीवहिनी, पाठमोरी बसून त्यांचं ताट वाढत होती. तिचा हात ताटात गेला आणि तिथून चोरटेपणाने पदराखाली. दुसऱ्या दिवशीही तेच. जिला आईच्या जागी मानलं, तिनेच काही कालवावं? 

त्यांनी वहिनीच्या हातचं जेवण सोडलं. बायको सुभद्रा वाढू लागली. नवऱ्याला ताकद यावी म्हणून तुपाचा हात सैल सुटला. धडधड मात्र वाढतच गेली. सोमवारी देवळात कौल लावायचं ठरलं. उजवा कौल पडला, म्हणजे देवाने करणी खरी ठरवली, की वहिनीने गाठोडं उचलायचं. माहेरी तिचं कोणीच उरलं नव्हतं, पण संशयाला दया नसते.

सोमवारी गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. दाजीही उठले आणि धाडकन कोसळले!

"बघलास? देवाच्या दारात पण सोडणा नाय!" शुद्ध येताच ते वहिनीकडे बोट दाखवून ओरडले.

गुरुदास डॉक्टर धावत आले. त्यांनी आधी दाजींना निजवून, मग आधार देऊन उभं करून नाडी आणि रक्तदाब पाहिला.

"सकाळी काय खाल्लास?"

"नारळाच्या गोड रसातले घावणे, मगे तूपभात," सुभद्रा म्हणाली. "ताकद येव दी म्हणान."

"दाजीनु, काळजाक दोन हुकूम येतत. एक म्हणता 'चल', दुसरो म्हणता 'हळू'. मज्जातंतू ते आपणहून देतत, तुमका विचारणत नाय. अंगार चरबी चढली की 'चल'वालो माजता, 'हळू'वालो गप होता. म्हणान बसल्या जागेर धडधड. उठताना शिरा आवळूचो हुकूम वेळेर पोचणा नाय, रगत पायात रवता, म्हणान भोवळ."

"मगे वयनी ताटात घालतत ता काय?"

इतका वेळ खाली मान घालून बसलेली शेवंतीवहिनी आता बोलली. "घालूक नाय, भावजी. मी भाताची मूठ काढी होतंय."

मग ती बाबलीबद्दल सांगू लागली.

"ह्यांका पण अशीच धडधड होय. मी 'जेवा, जेवा' म्हणान वाढीत रवलंय. एक दिवस पानावरसून उठले नि थयच पडले. जेवणाऱ्याचो हात धरू नये म्हणतत. सांगतलंय कसा?"

"वयनीचो हात सुटलो नि दुखणा वाढला!" डॉक्टर कडाडले. "आता करणी खंय आसा ती तुमीच बघा!"

दाजींना वर बघवेना. ज्या मुठीने त्यांना जपलं, तिलाच ते गावाबाहेर काढायला निघाले होते! कौल तसाच राहिला. दुपारी दाजींनी आपलं ताट वहिनीसमोर सरकवलं. "वयनी, आता पदराआड नको. सगळ्यांच्या देखत काढा." वहिनीला रडू आवरेना.

ढेरी झटकन उतरत नाही. पण दाजी रोज खाडीपर्यंत चालू लागले, ताट आटोपशीर झालं आणि हळूहळू काळीज शांत झालं. वाचकहो, छाती धडधडली तर घाड्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जा. आणि दुसऱ्याच्या पदरात करणी शोधण्याआधी आपल्या ताटात डोकावून बघा!