मागे राहिलेला आवाज

"यादीत नाव नि त्याचा आवाज अशी नवी जोडी पुढे लाव गं, जुनीला मागे राहू दे. नावानं हाक मारली की पुढचीच ओ देते," ओस्मारिनो सांगायचा. बेलेम बंदराच्या धक्क्यावरच्या बोटींसाठी प्रोग्राम लिहायला झुलेइदे त्याच्याकडूनच शिकली होती.

बोट सुटतानाची घोषणा त्याच्या आवाजात असायची. तो वारल्यावर कंपनीनं यादीत 'निरोप' या नावाची दुसरी जोडी, नव्या आवाजाची, पुढे लावली. धक्क्यावर नवा आवाज घुमू लागला. झुलेइदे मात्र रोज सकाळी संगणकाकडे 'निरोप' नावाचे सगळेच आवाज मागायची, आणि नव्याच्या मागून ओस्मारिनो यायचा: "सांभाळून जा मंडळी, नदी मोठी आहे."

आज एकच आवाज आला.

"ताई, तुमची यादी घासूनपुसून लख्ख केली," शेजारच्या टेबलावर तापिओकाची पोळी खाता खाता नव्यानं कामाला लागलेली तालिता म्हणाली. "एकाच नावाच्या दोन-दोन जोड्या! ते नावच काढलं नि नवा आवाज परत लावला. तुम्हा जुन्या लोकांना साठवायची भारी हौस."

"नाव काढलं की त्या नावाच्या सगळ्याच जोड्या जातात," झुलेइदे म्हणाली. "जुन्या आवाजाची फाइल?"

"यादीत नसलेल्या फाइली रात्री आपोआप पुसल्या जातात ना. का, कुणी मागितली?"

"कुणी नाही."

तिनं कॉफी ओतून घेतली आणि ती निवेपर्यंत कप नुसताच धरून बसली. खिडकीखाली बोट सुटली, नवा आवाज घुमला.

"तालिता," ती म्हणाली, "इथं कुणालाच ठाऊक नाही. ओस्मारिनो आणि मी लग्न करणार होतो."