दुसरी सफाई

"पिशवी किती वेळा साफ केली?" वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मंदाबाईंनी नजर चुकवली. एरवी सिंदीच्या बाजारात त्यांच्यापुढं तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती!

"एकदाच," सून आचल मान खाली घालून म्हणाली. तिच्या शेजारी मंदाबाईंचा मुलगा प्रफुल बसला होता.

खोटं होतं ते. तीन वर्षांमागं आचलचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा दवाखान्यात पिशवी साफ झालीच होती. पण मंदाबाईंचं समाधान होईल तर शपथ! आत काही राहिलं असेल, या धास्तीनं महिन्याभरात प्रफुलच्या नकळत त्यांनी तिला हिंगणघाटला नेलं आणि "चांगली खरवडून घ्या" म्हणून तिथल्या डॉक्टरच्या मागं लागल्या. तेव्हापासून पाळी नुसती डाग दाखवून जायची. दिवस राहीनात. आणि एवढी वर्षं टोमणे कोणी मारले? मंदाबाईंनीच. आता हीच पोरगी त्यांना पाठीशी घालत होती. मंदाबाईंना स्वतःची लाज वाटली.

"दोनदा झाली, बाई. दुसऱ्यांदा मीच नेलतं तिले."

प्रफुल आईकडं वळला. "आई, मले काऊन नाई सांगतलं?"

डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा घालून पाहिलं. खरवडल्यानं आत व्रण पडून पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी दुर्बिणीतूनच त्या सोडवल्या, पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत काही दिवस फुगा ठेवला, अस्तर वाढायला गोळ्या दिल्या. "गोळ्या संपल्या की आठवड्याभरात मोकळी पाळी यायला हवी," त्या म्हणाल्या. "आली तर पुढं आशा आहे."

गोळ्या संपल्या. चार दिवस गेले, पाच गेले. प्रफुल आईशी कामापुरतं बोलायचा. मंदाबाईंना घास गोड लागेना.

सहाव्या दिवशी आचल न्हाणीतून बाहेर आली. "आई, आली. पहिल्यासारखी."

मंदाबाई मटकन खाली बसल्या नि ढसाढसा रडल्या. "माह्यं चुकलं, पोरी. माफ कर मले."

आचल भिंतीला टेकून उभी राहिली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.

"पोट दुखून राह्यलं," ती म्हणाली. "चहा मांडा. आलं टाकजा जरा."

तिनं सासूला काम सांगायची ही पहिलीच वेळ. मंदाबाई डोळे पुसत लगबगीनं उठल्या.