खारूसाठी खास

माणूस काय पाहतो, काय वाचतो, काय ऐकतो, त्यावरच तो माणूस म्हणून घडतो, अशी कवळीवाल्यांची ठाम श्रद्धा होती. स्वतः ते सिनेमाची सुरुवातीची नावं संपायच्या आत मान टाकत. त्यामुळे त्यांच्या घडणीत झोपेचा वाटा मोठा होता.

कवळीवाले म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारे कारागीर. डॉक्टरांकडून जबड्याचा प्लॅस्टरचा साचा येई, आणि त्यावर मेणात एकेक दात बसवताना ते कधीही न पाहिलेल्या माणसाबद्दल छातीठोकपणे सांगत, "हा गृहस्थ डावीकडून हसत असणार." खरंखोटं करायला गृहस्थ कधी येत नसे.

त्यांची लेक, घरातली खारू, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना कपाट रिकामं करून गेली, टेबल पुसून गेली. मागे राहिलं ते टीव्हीवरचं तिचं प्रोफाइल. गोल चौकटीत खारीचं चित्र, खाली 'खारूसाठी खास', आणि त्याखाली जगभरचे रडवे सिनेमे. कुणी धुक्यात उभं आहे, कुणी खिडकीत उभं आहे, कुणाला उभंही राहवत नाहीये. पोर घरी होती तेव्हा बापलेक जेवणं झाली की यातलाच एक लावून बसत. ती गेल्यावर कवळीवाले एकटेच बसू लागले. त्यांच्या लेखी हाही साचाच होता. माणूस डोळ्यांआड झाला तरी साचा शाबूत असला की पुरे. फक्त त्याला तडा जाऊ द्यायचा नाही. म्हणून त्या प्रोफाइलवर दुसरं काहीही लावायला घरात बंदी होती.

यामुळे कामावर आपला भाव वाढलाय, असंही त्यांना वाटे.

"काल एक सिनेमा पाहिला. अख्ख्या सिनेमात कुणी बोलत नाही," ते शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्याला म्हणाले.

"आमच्याकडे सासूबाई राहायला आल्या की असंच असतं. वर्गणीसुद्धा भरावी लागत नाही."

"तुला नाही कळायचं. आमच्या खारूची नजरच वेगळी. खोल."

"आणि तुमची?"

"तिचीच म्हण ना!"

पॉलिशवाल्याने मशीन सुरू केलं. वाद मिटवायला त्या मशीनच्या आवाजाइतकं सोयीचं काही नव्हतं.

मग बायकोचा पाय मुरगळला. पाय उशीवर टाकून ती दुपारभर सोफ्यावर पडून राहायची, आणि टीव्ही लावल्यावर पहिली खार दिसली म्हणून तिने खारीवर बटण दाबलं. त्या आठवड्यात तिने केक बनवायच्या स्पर्धेचे झाडून सगळे भाग पाहिले.

शुक्रवारी कवळीवाल्यांनी टीव्ही लावला तर धुकं गायब. 'खारूसाठी खास'च्या खाली मजल्यावर मजले चढवलेले केक, केकवर साखरेची गुलाबं. गुलाबांमागे माणसं रडत होती खरी, पण केक बसला म्हणून.

"अगं, हे काय करून ठेवलंस? पोरगी पुसून टाकलीस!"

"पुसली कशी जाईल? सकाळीच बोलले मी तिच्याशी. सर्दी झालीये तिला."

"ते वेगळं. हे तिचं मन होतं, मन!"

"अहो, मन काय कुणी टीव्हीवर ठेवून जातं का? आणि ती चष्मेवाली बाई काय सुरेख केक करते, तुम्ही बघाच एकदा."

सर्दीची बातमी कवळीवाल्यांना नवी होती. ते लेकीला फोन करत नसत. नव्या नोकरीत उगाच व्यत्यय नको. शिवाय रोज रात्री टीव्हीसमोर भेट होतच होती. आता तीही गेली.

रविवारी त्यांनी डागडुजी काढली. सकाळपासून एकामागून एक रडवे सिनेमे लावले. त्यांची दाढी झाली, आंघोळ झाली, जेवण झालं. पडद्यावरची माणसं तशीच उभी. संध्याकाळी टीव्हीने माघार घेतली, पण अर्धीच. त्याने सुचवला तो एका मरणासन्न बेकरीवाल्याचा संथ सिनेमा.

कवळीवाल्यांनी हात टेकले आणि फोन लावला. बायकोलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"खारू, तुझे सगळ्यात आवडते सिनेमे कोणते, तेवढं सांग. तेच लावत राहतो, म्हणजे तुझं सगळं पहिल्यासारखं होईल."

पलीकडून एक शिंक आली. "कुठले, ते उभं राहण्याचे? बाबा, मला अजिबात आवडत नाहीत ते."

"म्हणजे?"

"तुमच्यासाठी लावायचे मी. दुसरं काही लावलं की तुम्ही उठून जायचात. हे लागले की शेवटपर्यंत बसायचात. डोळे मिटून, अगदी तल्लीन."

"अगं, तू बसायचीस म्हणून बसायचो मी!"

"मग बोलायचं नाही?"

"तुझी आवड. मोडायची कशी?"

"कमाल करता! इथे मैत्रिणींना सांगून बसले मी, आमच्या घरी असलेच सिनेमे बघतात म्हणून. आता दर शनिवारी कौतुकाने दाखवतात मला."

ज्या साच्यावर कवळीवाल्यांनी लेकीचा अख्खा चेहरा उभा केला होता, तो त्यांच्याच तोंडाचा निघाला होता, आणि तोही झोपेत घेतलेला.

"मग तुला आवडतं तरी काय?" त्यांनी जरा भीतभीतच विचारलं.

"आता विचारताय होय!" ती हसली आणि हसता हसता खोकली. "पोहायला जाते मी हल्ली. नाकात पाणी गेलं, त्याचीच ही सर्दी."

"तू? तू तर पाण्याला घाबरतेस."

"घाबरतेच. तरी जाते."

हे कुठल्याच सिनेमात नव्हतं. कवळीवाल्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन जवळ ओढला. पाणी किती खोल, शिकवणारी बाई कशी, ओरडते का, केस नीट पुसतेस का, असं बराच वेळ चाललं.

"पण बाबा," शेवटी खारू म्हणाली, "तो पहिला, बोटीवाला सिनेमा, तो तरी तुम्हीच लावला होतात ना?"

"मी? मला वाटलं, तू लावलास."

सोफ्यावर बायकोने दुखरा पाय जरा सरकवला.

"कुणी लावला नव्हता," ती म्हणाली. "मी रिमोटवर बसले होते."