सावली पाठीमागं टाकून

निलम्माला बीदरात वाट विचारायची सोय नव्हती. सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. कोण कुणाचा खबऱ्या निघेल याचा नेम नव्हता. तिचा नवरा रेवणसिद्धप्पा निजामाविरुद्ध पत्रकं वाटायचा. पोलीस मागावर, म्हणून सहा महिने बीदरातच एका घरात दडून बसलेला. आज सांजेला त्या घराची झडती होणार अशी कुणकुण तिच्या गावी, चिटगुप्प्याच्या बाजारात, तिच्या कानी आली आणि बाई हातातलं काम टाकून गाडीत बसली.

सहा महिन्यांपूर्वी घर सोडताना, पहाटेच त्यानं तिच्याकडून वाट पाठ करून घेतली होती.

"कुणाला इचारू नको. इमारतीच वाट दावतील. फत्ते दरवाजातनं आत ये. फुडं चौबारा, उंच गोल बुरूज. त्येची सावली पाठीमागं टाकून सरळ चाल. दारावर दगडी मोर कोरल्यात, त्येच घर. नुस्ता तुजा आवाज आला की मी मागल्या दारानं निघलोच समज."

वाटेत गाडीचा आख मोडला आणि ती चौबाऱ्याला पोचेपर्यंत दुपार कलली. सावली पाठीमागं टाकून ती निघाली. कमानी आल्या, नक्षीच्या खिडक्या आल्या, मोर काही येईनात. आणि रस्ता संपला तो थेट शहागंज दरवाजापाशी, पोलिसांच्या नाक्यावर.

"क्या अम्मा, किदर?" एका म्हाताऱ्या शिपायानं हटकलं.

तिनं पदर सावरला. "शहर बघायला आले जी. जुन्या इमारती."

"अकेली?" त्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग हिकडं कामून आलीस? मदरसा उधर है. सुबह सूरज निकलता, उस तरफ."

निलम्माला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नवरा त्या घरी नेहमी सकाळी जायचा, सकाळचीच सावली सांगून गेला. आणि आपण शहाण्या, दुपारची धरून उलटं मावळतीकडं चाललो!

"चलो, मैं दिखाता," शिपाई म्हणाला आणि खरंच बरोबर निघाला. त्याला शक आला होता की गावाचा अभिमान होता, देव जाणे. ती त्याच्यामागं चालत राहिली.

चौबारा ओलांडून थोडं पुढं गेल्यावर डाव्या हाताला मोर दिसले. दार बंद. आतून खोकला ऐकू आला. तो खोकला तिनं हजारांत ओळखला असता. आता गप्प बसून भागणार नव्हतं.

"अव्वा गं! मोर तरी किती देखणे!" ती मोठ्यानं म्हणाली.

खोकला अर्ध्यावरच थांबला. थोड्या वेळानं मागच्या अंगाला कडी वाजली. तिनं मान वळवली नाही. सहा महिन्यांनी नवरा एका फळीच्या अंतरावर आला होता आणि तिनंच त्याला दूर धाडलं.

"ये कुछ नहीं, असली चीज़ तो आगे है," शिपाई म्हणाला.

मदरशासमोर त्यानं तिला उभं केलं. उंच मिनार, त्यावर उन्हात चमकणाऱ्या निळ्या फरशा. निलम्मा वर बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं पुसलं तरी थांबेना.

म्हातारा खुलला. "पहली बार देखनेवाले ऐसेच रोते, अम्मा. अगली बार मर्द को साथ लाना."

"व्हय जी," ती म्हणाली, "आणीन."