आईसाठी आखलेले तीन दिवस

आईला थडग्यातून बाहेर काढायची तारीख ठरली, त्याच दिवशी मी कागद घेऊन बसलो. तीस वर्षं अथेन्सच्या बस डेपोत वेळापत्रकं केलेला माणूस मी, मला कागदाशिवाय सुचत नाही. वर शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन रकाने पाडले, डावीकडे तास लिहिले. आमचं कामारोनी हे डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात अडकलेलं गाव. स्मशानाला वाढायला जागा नाही, म्हणून तीन वर्षं झाली की माणसाने थडगं पुढच्याला मोकळं करून द्यायचं. अस्थी लाल वाइनने धुवायच्या, पांढऱ्या कापडात बांधायच्या आणि पेटीत घालून अस्थिघरात ठेवायच्या. बाबांची पेटी तिथे अकरा वर्षं एकटी आहे. आईची तिच्याशेजारी ठेवायची, एवढंच काम.

रोदान्थी म्हणजे माझी धाकटी बहीण, म्युनिकला असते. तिला फोनवर कागद वाचून दाखवला.

"शुक्रवारी साडेनऊला तुझं विमान. अकराला गाडी काढायची. दोनला जेवण, रस्त्यातच. चारला कामारोनी. लेनिओमावशीकडे दोन खोल्या, समुद्राच्या बाजूच्या. पाच वाजता धक्क्यावर मासे घ्यायला..."

"दादा, मुतायला कधी थांबायचं ते लिहिलंयस का?"

"लिहिलंय. साडेबाराला."

ती हसली.

"आणि शनिवारी?"

"शनिवारी नऊ ते पावणेदहा आई. दहाला अस्थिघर. मग जेवण, विश्रांती. पाच ते सहा पोहणं, तुला आवडतं म्हणून ठेवलंय. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना, आईच्या नावाने उकडलेले गहू वाटायचे आणि दोनला परत."

"आणि ती झाली नसेल तर?"

"झाली नसेल म्हणजे?"

"उगाच येडं घेऊन पेडगावला जाऊ नकोस. म्हणजे काय ते तुला माहितीये."

मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी रोदान्थीचं बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकशी लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता. पण आईच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, ती एका सकाळी त्याच्या घरी गेली आणि लग्न मोडून आली. रोदान्थी बॅग घेऊन अंगणात उतरली आणि शेजारीपाजारी ऐकत असताना आईला म्हणाली, "माती तुला पचवणार नाही!"

आमच्याकडे याहून वाईट बोलता येत नाही. ज्याचं शरीर मातीत विरघळत नाही त्याला कुणाचा तरी शाप बाधलाय, असं लोक म्हणतात. रोदान्थी त्या दिवशी गेली ती गेली. आईशी पुन्हा एक शब्द नाही, अंत्यविधीलाही आली नाही. म्युनिकला दातांच्या दवाखान्यात काम करते, देवाला मानत नाही, मेणबत्ती लावत नाही. पण आई गेल्यापासून दर फोनच्या शेवटी मला विचारायची, "तिकडची माती कशी आहे रे? चिकण आहे का? पाणी धरून ठेवते का?" मी म्हणायचो, मी बसवाला आहे, मातीवाला नाही.

"मला डोळ्यांनी बघायचंय, दादा," ती आता म्हणाली. "नुसती हाडं दिसली ना, की मी सुटले. आणि नाही दिसली तर मग माझं काही खरं नाही."

"दिसतील गं. नऊ ते पावणेदहा. पाऊण तासाचं काम आहे."

मी कागदावर सामान लिहिलं. वाइनच्या दोन बाटल्या, अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पांढरं सुती कापड तीन मीटर, गहू, साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. एकेक आणून खूण केली. लेनिओमावशीला चारदा फोन केला. चौथ्या वेळी ती म्हणाली, "अरे स्त्रातिस, तुझी आई पळून नाही जायची. झोप आता." लेनिओमावशी आमची जुनी शेजारीण, आईची मैत्रीण. तिला सगळं माहीत असतं असं तिला वाटतं.

शुक्रवार अगदी कागदाबरहुकूम गेला. खरं तर आम्ही सात मिनिटं लवकर पोहोचलो, आणि मी ते रोदान्थीला सांगितलंही. ती खिडकीबाहेर बघत होती. लेनिओमावशीने तिला दारातच गच्च धरलं, "कुठे होतीस गं भवाने इतकी वर्षं!" आणि रडली, मग तळलेल्या माशांचं ताट पुढे ठेवलं. रोदान्थीने दोन घास खाल्ले. मावशी म्हणाली, जर्मनीत पोट आखडतं माणसाचं.

शनिवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आम्ही स्मशानात होतो. थडगी उकरणारे याकूमिसकाका फावडं घेऊन आधीच उभे. पाद्रीबाबा आले, लेनिओमावशी वाइन आणि अस्थी धुवायची परात घेऊन आली, तिच्यामागे रीतीप्रमाणे गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या. खाली समुद्र चकाकत होता. काकांनी संगमरवराची फरशी बाजूला केली आणि खणायला लागले. मी घड्याळ पाहिलं, नऊ वाजून चार मिनिटं. रोदान्थी माझ्या दंडाला धरून उभी होती, आणि तिची नखं मला शर्टातून लागत होती.

माती भुसभुशीत होती. शवपेटीच्या फळ्या कुजून गेल्या होत्या, काका त्या तुकड्यातुकड्याने वर फेकत होते. "लाकूड छान गेलंय," ते म्हणाले. "चांगली खूण आहे." मी रोदान्थीच्या हातावर थोपटलं.

मग मातीतून गुलाबी रंगाचा एक कोपरा वर आला.

काकांनी फावडं ठेवलं आणि हाताने माती बाजूला केली. गुलाबी ब्लँकेट, पांढऱ्या फुलांचं, काल दुकानातून आणल्यासारखं. त्यांनी त्याचा काठ वर उचलला, आत पाहिलं आणि लगेच खाली सोडला. पण तेवढ्यात मला दिसलं. आईचे केस मी विंचरले होते तसेच होते. अंगावर शहारा आला म्हणतात, तसं नाही झालं. माझं अंगच कुठे गेलं ते मला कळेना.

"पाद्रीबाबा," काका हळूच म्हणाले, "जरा इकडे या. नाही झाली ही."

म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. दोघींनी एकदम रोदान्थीकडे पाहिलं.

रोदान्थी ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तिने माझा दंड सोडला आणि एक पाऊल मागे गेली.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "आणि हे ब्लँकेट. हे ब्लँकेट मी पाठवलेलं आहे, दादा. पहिल्या हिवाळ्यात, पहिल्या पगारातून. तिने एका ओळीचं पत्र नाही लिहिलं. मला वाटलं फेकून दिलं असेल." ती खड्ड्याकडे बघत राहिली. "माझंच ब्लँकेट आणि माझाच शाप."

"शाप कसला, पोरी," पाद्रीबाबा म्हणाले, पण त्यांचाही हात क्रूस काढायला वर गेला होता.

आता मी जे सांगतोय ते सांगायला मला अजून जड जातं. तिथे उभं राहून सगळं काय झालंय ते मला एका क्षणात कळलं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर गप्प बसावं. तीन वर्षांपूर्वी अंत्यविधीचं सामान देणाऱ्या माणसाने मला बजावलं होतं, "सगळं सुती घाला. नायलॉनचा एकही धागा नको, मातीचं काम अडतं." ते मी माझ्या यादीत लिहिलं होतं. पुढे खूणही केली होती. आणि मग झाकण लावायच्या आधी, खोलीत कुणी नसताना, मीच ते ब्लँकेट आईच्या अंगावर घालून चारी बाजूंनी खोचलं होतं. आत्ता मी काही बोललो नसतो तर मला कुणी विचारलंच नसतं. गावाला बावीस वर्षांपूर्वीचा शाप तयार मिळाला होता. क्षणभर मला हायसं वाटलं. त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

"रोदा," मी म्हणालो, "ते मी घातलं."

"काय?"

"ब्लँकेट. मी घातलं. नको म्हणून सांगितलं होतं मला. तरी घातलं."

याकूमिसकाकांनी काठ चिमटीत धरून चोळला. "नायलॉनच की हे. गुंडाळून ठेवलं तर काय होणार? दरवर्षी एखादा शहाणा भेटतोच. मागे एकाने बापाला रेनकोट घातला होता, वर पाऊस असेल म्हणून."

रोदान्थी माझ्याकडे वळली. तिने दोन्ही हातांनी माझ्या छातीवर जोरात धक्का मारला, इतका की मी शेजारच्या थडग्यावर बसलो.

"तीन वर्षं! तीन वर्षं मी तुला मातीबद्दल विचारतेय! मला झोप नाही येत, आणि तू, तू मला पोहायची वेळ सांगतोस! का घातलंस? यादीत होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "तिला त्याच्याशिवाय झोप यायची नाही."

"कुणाला?"

"आईला. पार्सल आलं त्या दिवसापासून. एकोणीस हिवाळे. उन्हाळ्यातसुद्धा पायाशी लागायचं तिला. कुणी आलं की पलंगाखाली ढकलायची. मला शपथ घातली होती, रोदाला कळवलंस तर बघ म्हणून. म्हणायची, आधी तिला येऊ दे. मग मी दाखवते."

रोदान्थीने पुन्हा खड्ड्यातल्या ब्लँकेटकडे पाहिलं.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिने मला एवढंच विचारलं, माझं पांघरूण कुठाय," मी म्हणालो. "मी घरून आणेपर्यंत ती गेली. मग मला तिला तसंच पाठवता येईना गं. थंडी वाजायची तिला."

लेनिओमावशी वाइनची बाटली उराशी धरून उभी होती. "मला म्हणाली होती, बाजारातून आणलंय म्हणून," ती पुटपुटली. "आणि मी तिला म्हटलं, रंग भडक आहे. तर आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

रोदान्थी खड्ड्याच्या काठावर मातीत बसली. आधी हसल्यासारखा आवाज आला, मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. दोन्ही म्हाताऱ्या तिच्याजवळ गेल्या आणि एकीने तिचं डोकं पोटाशी धरलं. मी थडग्यावरच बसून राहिलो. माझेही डोळे वाहत होते आणि रुमाल गाडीत होता.

पाद्रीबाबांनी तिचं रडणं ओसरू दिलं. मग म्हणाले, "पोरी, नायलॉन असो की काही असो, तोंडून गेलेलं परत घेतलेलं बरं. मोठ्याने घे. इथे सगळ्यांनी ऐकलं होतं ना ते?"

"मी ऐकलं होतं," एक म्हातारी म्हणाली.

रोदान्थीने नाक पुसलं. "परत घेतलं," ती म्हणाली. मग अजून मोठ्याने, खालच्या घरांपर्यंत जाईल असं, "आई, परत घेतलं!"

याकूमिसकाका घसा खाकरून म्हणाले की आता झाकून टाकावं लागेल, अजून दोन वर्षं. ब्लँकेट ते काढतील आणि जाळतील, पण वर घालायला काहीतरी द्या, नुसत्या मातीत बरं दिसत नाही. मी पेटीतलं पांढरं कापड काढलं. अस्थी बांधण्यासाठी आणलेलं, तीन मीटर. मी ते काकांना द्यायला गेलो, तर रोदान्थीने माझ्या हातातून ओढून घेतलं. तिने ते बोटांत चोळून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, एक धागा काढून दातांनी तोडून पाहिला.

"सुतीच आहे ना, दादा? नक्की?"

"नक्की. दुकानदाराकडून लिहून घेतलंय."

ती चप्पल काढून खाली उतरली. काकांनी आमच्याकडे पाठ करून ब्लँकेट काढलं, आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे तोंड केलं. मला फक्त कापड झटकल्याचा आवाज आला. मागे वळलो तेव्हा ती गुडघ्यांवर बसून कापडाच्या कडा आत खोचत होती, आधी पायाकडच्या, मग दोन्ही बाजूंच्या, शेवटी गळ्याजवळची. हळू आवाजात ती बोलत होती.

"एवढी दोन वर्षं थंडी वाजेल, आई. काढ कशीबशी. मी इकडेच खोली घेते."