पाकूची शाळा ठरेपर्यंत

मी बोलतेय ती टुआ शियोंगची गाडी. निळसर राखी, लांबट, भाजीचे क्रेट आणि माणसं एकाच वेळी मावतील अशी. सध्या अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये घरामागच्या गल्लीत उभी आहे आणि चाकांपर्यंत बर्फ साचलाय. उभं राहणं मला कधीच मानवलं नाही. इंजिन बंद असलं की जुन्या गोष्टी आतल्या आत खडखडत राहतात. म्हणून सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले ती उत्तरेला, आर्विड नावाच्या म्हाताऱ्याकडे. रविवारी चर्च, उन्हाळ्यात तळ्यावर मासेमारी. तो आणि त्याची बायको माझ्यात बसून तासन्‌तास जायचे, आणि बोलायचे ते फक्त हवामानावर. बायको गेल्यावर त्याने मला विकायला काढलं. शेवटच्या दिवशी त्याने मला धुतलं, आरसे पुसले आणि किल्ली टुआच्या हातात ठेवली.

टुआने मला घेतलं ते आईच्या भाजीसाठी. युआ आजी शहराबाहेर भाड्याच्या तुकड्यावर कोथिंबीर, मोहरीचा पाला, कारली, गवती चहा लावते आणि शनिवारी बाजारात विकते. पहिल्याच शनिवारी माझा वास बदलला, तो आजतागायत गेलेला नाही. आणि शांतताही गेली. या घरातली माणसं घरात बोलत नाहीत तेवढी माझ्यात बोलतात. टुआ गोदामात रात्रपाळीला, त्याची बायको कीया दातांच्या दवाखान्यात दिवसभर. दोघं एकत्र सापडतात ती माझ्या पुढच्या सीटवर.

मागे असायच्या आजी आणि पाकू. पाकू म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. तिची छोटी सीट उजव्या खिडकीशी, कारण माझा डावीकडचा सरकता दरवाजा गंजून बसलाय. आजी तिच्या डाव्या हाताला. शेतावर जाताना आजी तिला त्यांच्या मोंग भाषेत गोष्टी सांगायची, लाओसच्या डोंगरातल्या, लढाईतून पळून नदी ओलांडण्याच्या आधीच्या. पोर खिडकीबाहेर बघत राहायची. फार तर इंग्रजीत एक "हं" म्हणायची.

"भिंतीशी बोलले तर भिंत तरी ओली होईल," आजी म्हणायची. "हिला काही लागतच नाही."

पुढे बसलेली कीया ते ऐकून गप्प व्हायची. तिला स्वतःला मोंग समजते, पण बोलायला गेली की सूर चुकतात आणि शब्दाचा अर्थच पालटतो. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात सगळे तिच्यावर हसले होते. तेव्हापासून ती सासूशी कमी शब्दांत बोलते.

एप्रिलमध्ये टुआ बाजारातून बातमी घेऊन आला.

"नवीन चार्टर शाळा निघतेय, त्या जुन्या फर्निचरच्या दुकानात. फी नाही, पैसा सरकारचाच, फक्त चालवणारे आपले लोक. सकाळी गणित-इंग्रजी, दुपारी मोंग. वाचायला, लिहायला, सगळं."

"मला शिकवतील का तिथे?" आजी मागून म्हणाली. "मीही जाते."

कीयाने ब्रेक जरा जोरातच दाबला. "आपले लोक आहेत म्हणून शाळा चालते असं नसतं. माझ्या बहिणीच्या मुलांचं काय झालं विसरलास? तीही चार्टरच होती. फेब्रुवारीत सकाळी पोरांना सोडायला गेली तर दाराला कुलूप. वर्षाच्या मध्ये कुठली शाळा घेते?"

"ती वेगळी होती."

"तीही नवीनच होती."

"मग काय, आपल्या गल्लीतल्या शाळेत घालायचं? चार वर्षांत आजीला ओळखणार नाही पोरगी."

"मी त्याच शाळेत शिकले, टुआ."

"तेच म्हणतोय मी."

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं. पण शब्द गेला तो गेला. घर येईपर्यंत माझ्या इंजिनाचा पट्टा तेवढा कुरकुरत होता.

तरी शाळा बघायला सगळेच गेले. मी दर्शनी काचेसमोरच उभी होते. काचेवर सोफ्यांच्या सेलची अक्षरं अर्धवट खरवडलेली, आत उंच छत, मधोमध मोकळी जागा, एका बाजूला भिंती उभारण्याचं काम चाललेलं. करवतीचा आवाज माझ्या काचांपर्यंत येत होता. बाओ लोर नावाच्या मुख्याध्यापिका पालकांना फिरवत होत्या. पन्नाशीच्या बाई, केसांवर लाकडाचा भुसा.

परत येताना त्या गाडीपर्यंत सोबत आल्या. आजीशी त्या वडीलधाऱ्यांशी बोलायच्या मोंगमध्ये बोलल्या. आजीने त्यांचा हात धरला तो सोडेचना.

"या देशात शाळेतल्या बाईंनी मला मावशी म्हटलं नव्हतं कधी," ती म्हणाली.

पाकू मात्र कानांवर हात ठेवून बसली होती. "आत सगळे एकदम बोलतात," ती म्हणाली. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जो तो आपापल्या विचारात होता.

जागा थोड्या आणि अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पाकूचं नाव निघालं. फोन आला तेव्हा टुआ माझ्यात पेट्रोल भरत होता. शुक्रवारपर्यंत कळवा, असं तिकडून सांगितलं. त्याने आनंदाने माझ्या टपावर थाप मारली आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. कारण आता खरंच ठरवायचं होतं.

त्याच आठवड्यात पाकूची तपासणी होती. इथे शाळेत जाण्याआधी प्रत्येक मुलाचे डोळे-कान तपासतात. कीया तिला घेऊन गेली. बाहेर आल्यावर तिने पाकूला सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्वतः पुढे बसून किल्ली हातात धरून राहिली. मग टुआला फोन लावला.

"डावा कान. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही तिला. उजवा चांगला आहे, म्हणून लक्षात आलं नाही म्हणे. कधीपासून ते सांगता येत नाही... नाही, मी रडत नाहीये. तू झोप, रात्रपाळी आहे तुला."

फोन ठेवल्यावरही ती निघाली नाही. आरशातून पाकूकडे बघत राहिली. पाकू खिडकीवर बोटाने चित्र काढत होती. कीयाने हलकेच हाक मारली. पोरीने मान वळवून उजवा कान पुढे केला. हे मी वर्षभर बघत होते. पण गाडीला हॉर्नशिवाय आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

आजीला संध्याकाळी सांगितलं. शेतावर निघायच्या वेळी ती माझ्या दाराशी थबकली.

"अरे टुआ, मी तिच्या कुठल्या बाजूला बसते?"

टुआने पाकूची सीट सोडवली आणि डाव्या खिडकीशी बसवली. पाकू रांगत आत गेली. तिला ती गंमत वाटली. आजी तिच्या उजव्या हाताला बसली, मांडीवर हात ठेवून, परक्याच्या घरी आल्यासारखी.

वाटेत तिने नेहमीची गोष्ट सुरू केली, तिच्या आईच्या म्हशीची. म्हैस धुक्यात हरवते आणि सगळं गाव घंटेचा आवाज ऐकत डोंगर चढतं.

"मग ती सापडली कुठे?" पाकूने विचारलं. मोंगमध्ये. मोडकं होतं, पण मोंग.

आजी थांबली. पुढे टुआने माझा वेग कमी केला.

"तुला कळते ही गोष्ट?"

"तू रोजच सांगतेस. पण मला शेवट ऐकू येत नाही. तू खाली बघून सांगतेस."

आजीने शेवट सांगितला. मग पाकूने तोच परत सांगायला लावला. शेतावर पोचलो तरी दोघी उतरेनात. टुआने क्रेट एकट्यानेच उतरवले.

तुम्हाला वाटेल, आता ठरलं असेल. पण झालं भलतंच. वादात दोघं नवरा-बायको एकमेकांच्या जागी जाऊन बसले.

"तिला येते रे," दुसऱ्या दिवशी कीया म्हणाली. "म्हणजे शिकवली तर किती येईल. माझ्यासारखी अर्धवट नको राहायला. घालूया त्या शाळेत."

"आणि ऐकणार काय ती?" टुआ म्हणाला. "तो हॉल पाहिलास ना? बोललं की घुमतं. आपल्या गल्लीतल्या शाळेत अशा मुलांसाठी वेगळ्या बाई आहेत, वर्गात गालिचे आहेत. मी चौकशी केली."

"तूच तर नवीन शाळेमागे लागला होतास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मलाही माहीत नव्हतं. मी आई आहे, आणि मला माहीत नव्हतं."

ते दिवस फार वाईट गेले. गिअर टाकताना टुआचा हात घाईचा, ब्रेकवर कीयाचा पाय अस्थिर. वळण येऊन जायचं आणि मग लक्षात यायचं की इथे वळायचं होतं.

गुरुवारी कीया दवाखान्यातून सुटून एकटीच बाओ लोरबाईंकडे गेली. आत ठोकाठोक चालली होती, म्हणून बाई बाहेर येऊन माझ्या पुढच्या सीटवर बसल्या. कीयाने सगळं सांगितलं. इंग्रजीतच सुरुवात केली, मग मध्येच मोंगमध्ये शिरली. सूर चुकले. बाई हसल्या नाहीत.

"कायद्याने तिची सोय मला करावीच लागेल, आणि मी करीन," बाई म्हणाल्या. "पण सप्टेंबरात सगळं तयार असेल असं म्हटलं तर ती थाप होईल. छत खाली घ्यायचंय, खाली गालिचा घालायचाय. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या बाई मिळतील त्या दुसऱ्या शाळेबरोबर वाटून, रोज नाही."

"शाळा मध्येच बंद पडली तर?"

"पडू देणार नाही असं मी म्हणेन. तुमच्या बहिणीलाही कुणीतरी म्हणालंच असेल."

कीयाने स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर घेतला. "तुमची मुलगी असती तर?"

"माझी असती तर इथेच घातली असती," बाई म्हणाल्या. "पण ही शाळा मी उभी केलीय, म्हणून. या बाबतीत माझं ऐकू नका."

त्या उतरल्यावर सीटवर लाकडाचा भुसा राहिला. कीयाने तो झटकला नाही.

घरी आल्यावर तिने आजीला विचारलं. आजी मागच्या दाराशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

"आई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

"मला विचारू नकोस गं," आजी म्हणाली. "मी हो म्हणेन ते माझ्यासाठी असेल. ती तुमची आहे, तुम्ही ठरवा. आणि ठरवल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसू नका."

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत कीया माझ्यात येऊन बसली. डबा उघडला, चिकट भात आणि उकडलेली कोंबडी, आणि तसाच बाजूला ठेवला. फोन लावला, कापला. परत लावला, परत कापला. मग टुआला झोपेतून उठवलं.

"नवीन शाळेला मी नाही म्हणून सांगतेय. सप्टेंबरात सोय तयार नसेल, बाईच म्हणाल्या."

"बरं," तो म्हणाला.

"नुसतं बरं नको. तूही म्हण."

"मीही नाही म्हणतो. या वर्षी नाही."

मग तिने बाईंना फोन केला. "पाकू या वर्षी येणार नाही." बाईंनी समजावलं नाही की आग्रह केला नाही. आजींना सांगा, शनिवारी मोहरीचा पाला घ्यायला येते, एवढंच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर कीयाने गार भात हातानेच खाल्ला, भराभर, कुणी बघेल अशा घाईने. तिला सुटल्यासारखं वाटलं असेल असं मी धरून चालले होते. पण डबा बंद करून ती पुन्हा फोन हातात घेऊन बसली.

सप्टेंबरात पहिल्या दिवशी सगळे गेले. गल्लीतल्या शाळेसमोर गाड्यांची रांग. पाकू दप्तर घेऊन उतरली आणि मागे न बघता आत गेली. दार मिटलं, तरी कीयाने गाडी पुढे घेतली नाही.

"आपण बरोबर केलं ना?"

"माहीत नाही," टुआ म्हणाला.

मागच्याने हॉर्न दिला. मग परत दिला.

"काढ गं गाडी," आजी म्हणाली. "तो बिचारा उशिरा उठलाय, त्याचा राग तुझ्यावर काढतोय."

कीया हसली आणि रडली, एकदमच. तिने मला पुढे घेतलं आणि थोड्या अंतरावर, झाडाखाली, परत थांबवलं. इंजिन चालूच होतं.

नवीन शाळा बंद पडलेली नाही. छत खाली आलंय म्हणतात, गालिचाही घातलाय. बाओ लोरबाई दर शनिवारी पाला घेतात आणि पाकूला मोंगमध्ये काहीतरी विचारतात. ती आजीच्या मागे लपून उत्तर देते. गल्लीतल्या शाळेत तिला एक मैत्रीण मिळालीय, आणि कधी कधी घरी येऊन ती सांगते की आज काहीच कळलं नाही. पुढच्या वर्षी जागा आहे, असा निरोप परवाच आलाय. म्हणजे पुढच्या सीटवर पुन्हा तेच सुरू झालंय, फक्त आता हळू आवाजात.

माझं म्हणाल तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माझा तळ खाल्लाय. गॅरेजवाला म्हणतो, हा हिवाळा निघेल, पुढचा सांगता येत नाही. ते पुढच्या वर्षी काय ठरवतील ते मला कळणारही नाही कदाचित. मला ते फार टोचतं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कधी एखाद्या शाळेच्या दारात जुनी गाडी इंजिन चालू ठेवून नुसतीच उभी दिसली, मूल आत गेलेलं दिसलं आणि तरी ती हलत नसली, तर हॉर्नवरचा हात जरा मागे घ्या. तिला थोडा वेळ द्या.